शून्य मळमळ

मनुष्याच्या देहात उदर हा मोठा मानी संस्थानिक आहे; मनाची आज्ञा तो पाळीलच असे नाही. या संस्थानिकाच्या रुसव्याचा, म्हणजे मळमळीचा, अभ्यास करण्यात एका तरुण संशोधिकेची उमेदीची वर्षे चालली होती. तिच्या प्रयोगशाळेत एक फिरती खुर्ची होती. औषध देऊन माणसाला तीत बसवायचे, गरगर फिरवायचे आणि मळमळ शून्यापासून दहापर्यंत किती, हे त्याच्याच मुखाने वदवून घ्यायचे. साहजिकच, एकदा आलेला स्वयंसेवक सहसा परतत नसे.

अशा टंचाईच्या दिवसांत भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आला. शिडीवर उभ्याउभ्या त्याने तिची विवंचना ऐकली, आणि उतरला तो थेट खुर्चीपाशीच.

"मी बसलो तर चालेल?"

"नीट समजून घ्या. ओकारी होऊ शकते."

"तुम्ही इथेच असाल ना... मग बसतो."

खुर्ची फिरली. "किती?"

"शून्य."

पुढेही दर खेपेस शून्यच. औषधाला गुण आला म्हणून संशोधिका हरखली. घड्याळजीच्या पाळीच्या दिवशी आपण केस अंमळ निगुतीने विंचरतो, याची मीमांसा मात्र तिने टाळली. नियम कडक होता — प्रयोगातल्या माणसाशी प्रयोगापुरतेच बोलायचे.

शेवटी साफसफाई करणाऱ्या मावशींना राहवेना. "बाई, त्याच्या तोंडाकडे बघा तरी. शेवाळ चढलंय, आणि म्हणे शून्य."

संशोधिकेने खुर्ची थांबवली. "खरं सांगा. किती?"

"शू—"

त्यापुढे त्याला जाता आले नाही. मावशींनी तत्परतेने तसराळे पुढे केले. पण संस्थानिकाची स्वारी संशोधिकेच्या शुभ्र डगल्यावर उतरली.

"नऊ," तो क्षीण स्वरात म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नऊच."

"अहो, उद्या हे औषध खऱ्या रोग्यांना द्यायचंय. तुमच्या शून्याच्या भरवशावर मी निष्कर्ष लिहायला बसले होते."

"चुकलंच. पण तुमच्यासमोर ओकायचं म्हणजे..."

"मी सकाळ-संध्याकाळ तेच बघते."

"त्या लोकांना तुमच्यावर छाप पाडायची नव्हती ना."

मावशी पदराआड हसत तसराळे घेऊन बाहेर गेल्या. ते रिकामेच होते.

संशोधिकेने वहीतल्या त्याच्या शून्यांवर एकेक काट मारली. मग म्हणाली, "तुमची सगळी मोजमापं रद्द. आजपासून तुम्ही प्रयोगात नाही."

"म्हणजे... यायचं नाही?"

"इथे नाही." तिने डगला उतरवून बादलीत टाकला. "प्रयोगातल्या माणसाशी बाहेर बोलायला मला मनाई आहे. प्रयोगाबाहेरच्या माणसाविषयी नियम काही म्हणत नाही."

त्याच्या मुखावर हळूहळू माणसाचा रंग परतला. "मग तळ्यावर... नावेतून एक फेरी—" शब्द उच्चारताच त्याने आवंढा गिळला. "नको. चालतच जाऊ."

"चालत. आणि सरळ रस्त्याने."

इमारतीचा जिना मात्र गोल होता. पहिल्याच पायरीवर तिने त्याचा हात धरला. आणि पायऱ्या संपून सरळ, सपाट, निरुपद्रवी रस्ता लागला, तरी सोडला नाही.