गार भिंत

नगरच्या स्टेशन रोडला पत्र्याची एक शेड, आत एक जुनं लेथ मशीन आणि दारावर छगननं स्वतः रंगवलेली पाटी. कानिफनाथचा कारखाना एवढाच होता. वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज काढायची, हे त्याचं वेड. दोन निराळ्या धातूंचे तुकडे जोडून केलेली पट्टी एका अंगानं तापली आणि दुसऱ्या अंगानं निवत राहिली की तिच्यातून वीज वाहते. पुण्याच्या प्रयोगशाळेत तो हे शिकून आला होता. काष्टीच्या शाळेपासूनचा मित्र छगन पट्ट्या बनवायचा. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचे साहेब म्हणाले होते, आधी कुठंतरी चालवून दाखवा, मग आमच्या धुराड्याचं बघू.

म्हणून त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघं पुणतांब्याला झुंबरबाईच्या वीटभट्टीवर आले. नवरा गेल्यापासून भट्टी तीच चालवत होती. त्या साली गोदावरी पार आटली होती. कुणाच्याच आठवणीत कधी उघडा न पडलेला डोह कोरडा झाला होता आणि त्याच्या तळाची काळी, लोण्यासारखी माती काढून तिनं विटा पाडल्या होत्या.

भट्टी पेटली. चारी भिंतींवर पट्ट्या बसवल्या होत्या. आत गरम, बाहेर त्याहून गार, म्हणजे मीटरचा काटा उजवीकडे जायला हवा. तीन भिंतींचा गेला. बॅटरी भरू लागली, छगननं विडी पेटवली.

उत्तरेच्या भिंतीचा काटा डावीकडे गेला.

"तारा उलट्या जोडल्यास," कानिफनाथ म्हणाला.

"न्हाई. बघ की."

तारा बरोबर होत्या. कानिफनाथनं पूर्वेची पट्टी काढून उत्तरेला लावली, उत्तरेची पूर्वेला. काटा उत्तरेलाच डावीकडे गेला. पट्टीत खोट नव्हती. म्हणजे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा गार होती. वैशाखातल्या दुपारपेक्षा गार, आणि मागं तर जाळ धडधडत होता.

त्यानं भिंतीवर तळहात ठेवला. माठाला हात लावल्यासारखं वाटलं. लिंपणाच्या भेगांत पाण्याचे थेंब जमले होते.

त्या बाजूला जळण घालणारी बायडाबाई हातातलं लाकूड खाली ठेवून उभी राहिली. ती हळूच म्हणाली, "जाळ दिसतोय सायब. पन त्वांडाला लागत न्हाई."

त्यानं वाकून आगीच्या तोंडात पाहिलं. लाकडं लाल होऊन पेटत होती, ज्वाळा उठत होत्या. त्याच्या भुवया मात्र गार पडल्या. त्यानं चटकन चेहरा मागं घेतला.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. डोहाची माती काढायचीच नव्हती, असं जाणती माणसं येऊन सांगू लागली. बायडाबाईसकट सगळ्या मजूर बाया घरी बसल्या. भट्टी मोडून माती परत डोहात टाक, असा निरोप आला तेव्हा झुंबरबाई पदर खोचून उत्तरेच्या भिंतीसमोर उभी राहिली.

"भट्टी माझी हाय," ती भिंतीकडं बघत म्हणाली. आवाज चढवला नाही. "आत कोन बसलं आसंल, त्यानं भाईर यावं. मी इजवनार न्हाई."

साखर कारखान्याचे साहेब येणार त्या दिवशी सकाळी छगननं कानिफनाथला बाजूला घेतलं. "त्या एका भित्तीच्या तारा फिरवू. काटा सरळ हुईल. अन् खरं सांगू का, तिकडनंच लई वीज येतीया. बाकीच्या तीन भित्तींची मिळून येत न्हाई तेवढी."

"ती वीज कशाची आहे, तुला माहीत आहे?"

"सायबाला तरी कुठं म्हाईत हाय?"

"मला माहीत नाही ते मी विकणार नाही."

साहेबांना त्यानं काटा होता तसा दाखवला. त्यांनी भिंतीला हात लावला, रुमालानं पुसला आणि नंतर कळवतो म्हणून जीपमध्ये बसले. छगनही त्याच जीपमधून नगरला गेला. त्याच्या उजव्या हाताची बोटं सकाळी उत्तरेची पट्टी पुसायला काढताना गारठून पांढरी पडली होती, ती अजून वळत नव्हती.

कानिफनाथ राहिला. त्याला राग आला होता, साहेबांचा नाही, त्या भिंतीचा. "मावशी, माझी पट्टी खोटं सांगत नाही," तो म्हणाला. "आत गार असेल तर तापवू."

"मंग लाग कामाला."

दोघांनी मिळून जळण ओढलं. पाचट, भुसा, बाभळीची खोडं, शेवटी छपराचे वासेसुद्धा. उत्तरेचं तोंड सगळं खात होतं. झुंबरबाई अगदी तोंडाशी बसून एकेक लाकूड आत सारायची. कानिफनाथनं पुरे म्हटलं तरी हलायची नाही. लाकूड सारताना ती आत कुणाशी तरी पुटपुटायची. काय ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

एके दुपारी काटा हलला.

शून्यावर आला. थरथरत थांबला.

मग उजवीकडे गेला.

कानिफनाथनं भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. त्याला हसू आलं. झुंबरबाई भट्टीच्या तोंडापासून उठली. तिनं मानेनंच सांगितलं, तोंडं लिंपून टाक.

भट्टी निवल्यावर उघडली तेव्हा मजूर बाया परत आल्या होत्या. गावातली माणसंही लांब उभी होती. ऊन डोक्यावर होतं. कानिफनाथचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. उत्तरेच्या थरातली पहिली वीट झुंबरबाईनं काढली. लालभडक, आरपार भाजलेली. दुसऱ्या विटेवर आपटली, खणखणीत वाजली. बायांच्या तोंडावर हसू फुटलं.

"बगितलं?" झुंबरबाई गावकऱ्यांकडं वळून म्हणाली. "म्या काय इजवली न्हाई."

बोलताना तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, पौषातल्या सकाळी निघते तशी. ती उन्हात जराशी तरंगली आणि विरली. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पुढची वीट काढायला वाकली.