झाडं मोजण्याचा दिवस

ओकियोला कुरोमोरी डोंगरावरून दोघांना खाली आणायचं होतं. नवऱ्याला, आणि त्याच्याकडच्या औषधाला.

तिची लेक सायो तापाने फणफणली होती. पानगळीत मारलेल्या अस्वलाचं पित्त वरच्या झोपडीत वाळत टांगलेलं होतं. त्याच्या कणभर चाटणाने भलेभले ताप उतरत. ते आणायला तिचा नवरा यासाकू काल पहाटे गेला आणि परतलाच नाही. आणि आज डोंगरदेवीचा दिवस! बाराव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी ती आपल्या रानातली झाडं मोजते. त्या दिवशी रानात सापडलेल्या माणसालाही ती झाडातच धरते, आणि मोजलेला माणूस घरी येत नाही. गावातला एकही शिकारी उंबरठा ओलांडायला तयार नव्हता.

सासरा तोमेझो तेवढा भाला घेऊन उठला. सोबतीला ओकियोचा धाकटा भाऊ गेंता. सायोला शेजारणीच्या मांडीवर देऊन, नवऱ्याचे जुने कपडे चढवून ओकियो दारात उभी राहिली.

"सूनबाई, तू नाही," म्हातारा गुरकावला. "देवीला बाई खपत नाही. जळते ती."

"जळू दे, मामंजी. माझ्याकडे बघत बसली तर यांच्यावरची नजर तरी हटेल."

म्हाताऱ्याने एक वाळका, फताड्या तोंडाचा मासा कमरेला बांधला. आपल्याहून कुरूप कोणी दिसलं की देवी खुलते, अशी शिकाऱ्यांची समजूत.

"मासा कशाला, काका? माझं थोबाड आहे की!" गेंता म्हणाला.

कोणीच हसलं नाही.

तिघांनी कमरा एका दोरीने जोडल्या आणि चढण सुरू झाली. बर्फ मांडीपर्यंत होतं. बीच जातीची उंच, राखाडी झाडं दोन्ही अंगांनी मुकाट उभी होती. त्यांच्या फांद्यांवरून वारा उतरला की पांढरी भुकटी डोळ्यांत जाई आणि पुढच्याची पाठही दिसेनाशी होई. तोमेझोने मासा एका खोडापाशी ठेवला, हात जोडले. आणि तेवढ्यात...

टक्. टक्.

कोणीतरी कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर ठोकत होतं.

"सुतारपक्षी असेल," गेंता पुटपुटला.

"या थंडीत?" म्हातारा म्हणाला. "पाय उचला!"

घळीवर बर्फाचा पूल धरला होता. तोमेझो पार झाला. ओकियो पार झाली. गेंताने पाऊल टाकलं, आणि पूल फुटला!

"ताईऽऽ!"

दोरी ताठ झाली. ओकियो पालथी पडून फरफटत काठाशी गेली. म्हाताऱ्याने भाला बर्फात रोवला, दोरीला वेढा मारला. दोघांनी दात ओठ खात ओढलं. गेंता वर आला तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

त्यांनी त्याला कपारीत बसवलं. "व्हा पुढे," तो पांढऱ्या ओठांनी म्हणाला. "मी काय पळून जातोय?"

झोपडीच्या अलीकडे, वरून घसरलेल्या बर्फाच्या कडेला, यासाकू उभा होता.

उभाच होता! कमरेपर्यंत गाडलेला, खोडाला टेकलेला, पापण्यांवर बर्फ. ओकियोने त्याच्या गालाला हात लावला. गाल लाकडासारखा होता. तिने त्याच्या छातीशी हात घातला. कातडीला लागून पित्त ठेवलेली हरणाच्या चामड्याची पिशवी होती, आणि त्याची मूठ तिच्याभोवती घट्ट आवळलेली. ती एकेक बोट सोडवत गेली. रडू आलं नाही. बोटं मोडू नयेत, एवढंच डोक्यात होतं.

तोमेझो भाल्याने बर्फ फोडत सुटला होता. बर्फ दगड झालं होतं. वारा वाढत होता, आणि ते ठोकणं आता अगदी जवळ येत होतं. टक्! टक्!

"मामंजी, पुरे."

"माझा पोर आहे तो! या रानात सोडू?"

"गेंता जिवंत आहे. सायो जिवंत आहे. यांना आणि गेंताला, दोघांना कसं उचलणार आपण? बोला ना!"

म्हातारा थांबला नाही. तेव्हा तिने भाला हिसकावला, डोक्याचा रुमाल फेकून केस मोकळे सोडले आणि रानाकडे तोंड करून ओरडली, "बघ, बाई आहे मी! तुझ्या रानात आलेय! एक घेतलास ना? आता बास!"

ठोकणं थांबलं.

देवीने ऐकलं की वाऱ्याने दिशा बदलली, कोण सांगणार? दोघांनी वाट पाहिली नाही. त्यांनी कपार गाठली. तोमेझोने गेंताला पाठीशी बांधलं. घळीला वळसा घालत ओकियो पुढे वाट तुडवत निघाली. म्हातारा दोनदा कोसळला, दोनदा उठला. तिने मागे वळून पाहिलं ते फक्त त्याच्यासाठी.

गावात पोचले तेव्हा सायोचे डोळे फिरले होते. ओकियोने पित्त उगाळलं, बोटाने तिच्या जिभेला लावलं. पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी कधीतरी पोरीच्या कपाळाला घाम फुटला आणि तिने तोंड वाकडं केलं.

"शी, कडू!"

चुलीजवळ पडलेला गेंता हसता हसता रडायला लागला. तोमेझो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

सायोने घरभर नजर फिरवली. "आई, बाबा कुठंयत?"

"डोंगरात आहेत," ओकियो म्हणाली. तिने पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "बर्फ वितळलं की आणू त्यांना."