मुलुंडचा फुटलेला नकाशा

मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी नंदकुमार कर्णिकांनी जीव ओतून काढलेला नकाशा दुसऱ्याच आर्किटेक्टने त्यांच्या आधी सादर केला, अगदी मधल्या अंगणासकट. त्यांच्या पार्ल्याच्या ऑफिसातच कोणीतरी घरभेदी होतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या गंधालीची मावसबहीण त्या दुसऱ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी तिला घरी बसवलं.

"सोमवारी तिला काढतोय," त्यांनी डिटेक्टिव्ह अबोली गुप्तेला सांगितलं. "तेवढी खात्री करून द्या."

नकाशा फक्त ऑफिसच्या सर्व्हरवर, नंदकुमारांच्या फोल्डरमध्ये होता. छापला नव्हता, कोणाला पाठवला नव्हता. सर्व्हर लावला होता भागीदार मुकुलने. हा कॉलेजपासूनचा दोस्त, नंदकुमारांच्या घराची एक किल्लीही कायम त्याच्याकडे. त्याने म्हणे प्रत्येकाला आपापल्या फोल्डरमध्ये कोंडलं होतं. तिथून वर, म्हणजे बाकीच्यांच्या फोल्डरकडे, जायची वाटच बंद.

अबोलीने गंधालीलाही बोलावून घेतलं आणि एकेकाला समोर लॉग-इन करायला लावलं. गंधालीला दिसल्या तिच्या दारं-खिडक्यांच्या फाइली. वर जायला गेली तर सर्व्हरने नकार दिला. ऑफिसातल्याच यज्ञेशला त्याची बाथरूमची ड्रॉइंग दिसली, आणि तोच नकार.

मुकुल हसत बसला. "मीपण कोंडलेलाच आहे, नंद्या. बघ ना."

पडद्यावर चार फोल्डर आले, एकेकावर एकेकाचं नाव. त्याने वर जाऊन पाहिलं. नकार.

नंदकुमारांचा जीव भांड्यात पडला. मग गंधालीनेच काहीतरी चलाखी केली असणार, ते म्हणाले.

"कोंडलेले तिघंही आहेत," अबोली म्हणाली, "पण कुठे ते बघा. हे दोघं आपापल्या खोलीत. मुकुल यांना वर जाता येत नाही, खरंय, पण त्यांना जायचंच कशाला? त्यांच्यासमोर चारही फोल्डर उघडे, तुमचंसुद्धा. ते अख्ख्या घरात कोंडलेत."

मुकुल म्हणाला, सर्व्हर सांभाळायचा तर तेवढं लागतंच.

"मग कोंडलेलाच आहे असं का सांगितलंत?"

मुकुलने माउस सोडला.

"बोर्डावर कायम तुझंच नाव, नंद्या. त्या ऑफिसने माझं लावायचं कबूल केलं."

"मागायचं तरी होतंस रे." नंदकुमारांना रडू येत होतं, आणि गंधालीकडे बघायची लाज वाटत होती. तिला एवढंच म्हणाले, चुकलं माझं, सोमवारी कामावर ये.

मुकुलने उठताना ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली.

"घराचीपण," नंदकुमार म्हणाले.