आहुपे घाटातली पाटी

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगते. लख्ख ऊन होतं.

मागच्या वर्षी नवरात्र उठलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास आहुपे घाटात हे घडलं. जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी नणंद, लंकाबाई. थापा मारायला तिला वेळ कुठला?

तिचा नवरा भिमाजी दोन वर्षं लकव्यानं अंथरुणात. लंकाबाई घाट उतरून कोकणातल्या बाजारातून सुकट-बोंबील आणायची, वर विकायची. शेजारची कुशाबाई दुपारपर्यंत भिमाजीकडं बघायची. पुढं त्याला घोटभर पाणी पाजायलाही कुणी नसे.

म्हणून लंकाबाई वाटेत डोक्यावरची सुकटाची पाटी कधी टेकवायची नाही. भरली पाटी एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो.

आणि वाटेवर कुणी हात मागितला, तर नाही म्हणायचं नसतं. कल्याणच्या खाडीत गलबतं लागायची, तिथलं मीठ माणसांच्या डोक्यावर याच घाटानं वर यायचं, तेव्हापासूनची ही रीत.

अर्ध्या घाटात एक म्हातारा बसला होता. पुढ्यात मिठाची गोणी.

"बाई, हात लाव."

"पावणं, मीठ आता टेम्पोनं येतं. तुमी कुठनं आणलं हे?"

"खाडीवरनं. भरतीला गलबत लागलं."

"गलबत? तिथं आता गाळ हाय अन् बिल्डिंगी."

ती हसली. तो हसला नाही.

गोणीला दोन्ही हात हवेत. लंकाबाईनं आपली पाटी खाली ठेवली...

गोणी गार पडलेली. ओलीचिंब. दोघांनी मिळून ती त्याच्या डोक्यावर चढवली, तसा तो चालू लागला.

पायाखाली एक खडा वाजला नाही.

"अवो, माझ्या पाटीला हात लावून जा की."

तो थांबला. वळला नाही.

"लई दिस बसलो व्हतो, बाई. आता तू बस."

आणि पुढच्या वळणावर... कुणीच नव्हतं.

तिनं तीनदा पाटी उचलून पाहिली. गुडघ्याच्या वर येईना. हाका मारल्या. पाखरंसुद्धा गप्प.

ऊन उतरलं. भिमाजीचं कोरडं तोंड आठवलं, तशी पाटी तिथंच टाकून ती निघाली.

घरी, लंकाबाई आली नाही म्हणून, कुशाबाईनंच येऊन दिवा लावला होता. भिमाजीनं लंकाबाईकडं एकटक पाहिलं.

"कुशे, ही कोण? लंका आली न्हाई अजून?"

डॉक्टर म्हणतात, लकव्यात असं होतं. असेल.

पण सकाळी कुशाबाईचा नवरा दादाभाऊ पाटी आणायला गेला. रिकाम्या हातानं परत आला. दारात उभ्या लंकाबाईला बघून अंगणातच थांबला.

"तू हितं... मंग पाटीपाशी कोण बसलंय?"

परवा मी भेटायला गेले होते. लंकाबाई भिमाजीला चमच्यानं पाणी पाजत होती. तो पाणी पीत होता, नजर दाराकडं.

"वैनी," ती म्हणाली, "लई दमलेय मी. घाटात येता का माझ्यासंगं? तिच्या पाटीला हात लावायचाय."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

आणि नाही म्हणायची तर रीत नाही.