रविवारची पटाशी

खोटं वाटत असेल तर इथे जर्मनीत, बोब्लिंगेनला या, बोट दाखवतो.

मागचाच रविवार. दुपारचे तीन. आमच्या बिल्डिंगचं केलर, म्हणजे तळघर.

तिथे शेजारी पद्माकर आणि त्याची लेक स्वानंदी लाकडात देवदूत कोरतात. पद्माकरचे पणजोबा नगरकडे मिशनच्या कारखान्यात हे शिकले. मधल्यांनी सोडलं, यानं नोकरी सांभाळून परत सुरू केलं. पणजोबांच्याच पटाश्या, त्यांचाच लाकडी हातोडा.

नियमही त्यांचाच. रविवारी लाकडाला हत्यार लावायचं नाही. "जो तासेल, त्याला पणजोबा तासतात."

असलं ऐकलं की माझे हात शिवशिवतात.

"रविवारी खाली ठोकतो," मी वरच्या मजल्यावरच्या नागेशला म्हणालो. "पद्म्या बोंबलत खाली नाही आला तर बघ!"

"पैज? हरलास तर वहिनींची नऊवारी नेसून जिना झाडायचा. नाहीतरी केअरवोखं, जिना झाडायची पाळी, तुझीच आहे."

"गेनाऊ! लागली पैज!"

नागेश जिन्यात थांबला. मी खाली जाऊन अर्धवट देवदूताच्या पंखावर पटाशी टेकवली.

ठक. ठक. ठक.

तोंड दाबून हसत थांबलो. कुणी येईना...

...ठक.

माझा हातोडा तर हवेत होता.

ठक... आता आवाज जवळून आला. माझ्या अंगठीच्या बोटातून. आतून, हाडातून.

हत्यारं टाकून पळालो. जिन्यात नागेश निवांत मोबाईल बघत होता.

"अरे ठोक की! कधीचा थांबलोय."

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. वर पद्माकरलाही नाही.

सोमवारी पद्माकरनं खाली बोलावलं. पंखावर ओरखडा नव्हता. पण टेबलावर ताज्या ढलप्या...

स्वानंदीनं एक हुंगली. "पापा, दास इस्ट काइन लिंडनहोल्त्स."

"हो, आपलं नेहमीचं लिंडनचं लाकूड नाहीच हे. सागवान आहे," पद्माकर म्हणाला. "आपण इथे कधी आणलंच नाही. सागवान पणजोबा वापरायचे."

मग माझ्याकडे न बघता, "हात दाखव."

मी खिशातून काढला नाही.

आज शनिवार. नेसलो नऊवारी. अख्खी बिल्डिंग जिन्यात, सगळ्यांचे मोबाईल वर. तळमजल्यावरच्या केसलरआजी टाळ्या वाजवतायत. मीही ठुमकत झाडलं. पायरी चकाचक.

मागे वळलो...

पायरीवर ढलपी.

झाडली. परत एक.

वर छत कोरं. खाली फक्त माझा हात.

आणि वीस वर्षं साबण लावूनही न निघालेली अंगठी आपोआप सुटली... टणटणत खाली गेली.

सगळे खो खो हसले. पद्माकर नाही.

त्यानं अंगठी उचलली, माझ्या तळहातावर ठेवली. तासल्यासारख्या बारीक झालेल्या बोटाकडे बघितलं.

"उद्या परत रविवार आहे रे," एवढंच म्हणाला.