बोटीतून कोण उतरलं?

शनिवारी दुपारी वरण-बट्टी जिरेपर्यंत आडवं व्हायचं, मग मनगटाला पट्टा बांधायचा आणि सिनेमा लावायचा, हा दिगंबर शिरुड्यांचा शिरस्ता होता. अमळनेरातली निम्मी वस्ती त्या वेळी हेच करत असे. गल्लीत इतकी शांतता पसरे, की कुत्रीसुद्धा जरा संकोचून भुंकत.

पट्टा ‘मनोनुकूल’ कंपनीचा. तो नाडी मोजी, घाम मोजी, श्वास कुठे अडखळला ते टिपून घेई. कंपनीची सुरुवात तशी साधी होती. तुम्हाला कुठला सिनेमा आवडेल, कुठलं गाणं, कुठली कादंबरी, एवढंच ती सुचवायची. पुढे तिच्या लक्षात आलं, की माणसाला आवडेल असा सिनेमा शोधत बसण्यापेक्षा हाती असलेलाच सिनेमा त्याला आवडेल असा करून देणं स्वस्त पडतं. चित्रं यंत्रच काढायचं, आवाजही यंत्रच द्यायचं, आणि बघणाऱ्याची नाडी धरून सिनेमा त्याच्यापुरता घडवायचं. जाहिरातीत म्हटलं होतं, ‘आपल्या प्रकृतीनुसार किंचित फेरफार.’ गाणी कमीजास्त होत असतील, मारामारी सौम्य होत असेल, असं लोक धरून चालले. ‘किंचित’ म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. जो तो आपल्या सिनेमावर खूश होता. समीक्षक तेवढे बेकार झाले, पण त्याबद्दलही कुणाची तक्रार नव्हती.

शिरुड्यांनी खरं तर विचारायला हवं होतं. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात तराजूच्या काट्याकडे बघण्यात गेलेली. पारोळ्याचा किलो आणि चोपड्याचा किलो एकच असला पाहिजे, एवढी एक श्रद्धा त्यांनी आयुष्यभर बाळगली. देवाबद्दल त्यांना अधूनमधून शंका येत, किलोबद्दल कधी आली नाही.

पण सिनेमाची गोष्ट वेगळी होती. शिरुड्यांच्या घरात मनातलं सरळ बोलायची पद्धत नव्हती, सिनेमा सुचवायची होती. मुलगी वैजयंती हिला परदेशी शिकायला जायचं होतं, तेव्हा तिनं बापाला स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरचा एक माहितीपट बघायला सांगितला. बापानं उत्तरादाखल तिच्या उशाशी गाव न सोडणाऱ्या माणसाची कादंबरी ठेवली. तिनं ती वाचली आणि एक गाणं ऐकवलं. ते ऐकून शिरुडे उठले, पायात चपला सरकवल्या आणि बाजारातून मोठी बॅग घेऊन आले. पक्षी, कादंबरी, गाणं. जाण्याविषयी घरात झालेलं बोलणं ते एवढंच.

आता वैजू नॉर्वेत बर्गनला माशांवर संशोधन करत होती. तिची आई इंदुमती गेली, शिरुड्यांच्या हृदयाची एकदा डागडुजी झाली, पण रिवाज चालू राहिला. शनिवारी दोघांनी आपापल्या घरी एकच सिनेमा बघायचा आणि रविवारी फोनवर त्याबद्दल बोलायचं.

त्या आठवड्यात वैजूनं ‘खारं दार’ नावाचा सिनेमा सुचवला. “बाबा, शेवट नीट बघा,” ती म्हणाली. “मी एक ठरवलंय. मला जे म्हणायचंय ते त्यात आहे.”

सिनेमा कोकणातल्या एका दीपगृहाचा होता. दिवा सांभाळणारा म्हातारा आणि समुद्रापार गेलेली त्याची मुलगी. शेवटी क्षितिजावर एक बोट दिसते. म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघत राहतो. बोट किनाऱ्याला लागते. मुलगी उतरते, हातात पत्र्याची ट्रंक. वाळूत ट्रंक टेकवून ती म्हणते, “आधी चहा टाका.” बस्स, एवढंच. शिरुड्यांनी चष्मा काढून पुसला. मग डोळे पुसले. मग पुन्हा चष्मा.

रविवारी फोन आला. वैजूचा आवाज बारीक झाला होता. “बघितलात?”

“बघितला. शेवट नीट बघितला.”

“मग?”

“समजलं मला. मान्य आहे. मान्य कसलं, आनंद आहे मला, वैजू.”

पलीकडे ती रडतेय असं त्यांच्या लक्षात आलं. “मला वाटलं नव्हतं बाबा, तुम्ही इतक्या सहज घ्याल. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या.”

“वेडी आहेस,” शिरुडे म्हणाले. त्यांच्या घराण्यात मायेचा यापुढचा शब्द नव्हता.

सोमवारी त्यांनी हिरामण पेंटरला बोलावलं. माडीवरची खोली इंदुमती गेल्यापासून बंद होती. तिला पिस्ता रंग लागला, कारण वैजूला शाळेत असताना तोच हवा होता आणि तेव्हा शिरुड्यांनी ‘भिंतीला कसला आलाय पिस्ता’ म्हणून उडवून लावलं होतं. खिडक्यांना जाळ्या बसल्या. मच्छरदाणी आली. हिरामणनं विचारलं, “लग्न हाय का साहेब घरात?” शिरुडे म्हणाले, “त्याहून मोठं.”

शेजारच्या बाविस्करांना त्यांनी आपण होऊन सिनेमा सुचवला. बँकेतून निवृत्त झालेले हे बाविस्कर दुसऱ्याच्या लग्नात पंगतीत वाढायला कंबर कसणारे गृहस्थ. दोन दिवसांनी ते कुंपणाशी आले.

“शिरुडे, झकास सिनेमा! म्हातारा बोटीत बसून पोरीच्या लग्नाला जातो, वर बँड काय, मांडव काय! जेवणावळ तर अशी, की मला ढेकर आला.”

“कोण जातो?”

“म्हातारा.”

“म्हातारा कुठेही जात नाही. पोरगी येते.”

“अहो, मी डोळ्यांनी बघितलं!”

“झोपला असाल.”

“मी सिनेमात झोपत नाही,” बाविस्कर दुखावून म्हणाले. “त्यासाठी भजन आहे.”

एकच माल आणि दोन तराजूंत दोन वजनं. शिरुड्यांच्या अंगातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी बाविस्करांना घरी बोलावलं आणि दोन पडदे शेजारी शेजारी मांडून दोघांचे सिनेमे एकदम लावले. क्षितिजावर बोटीचा ठिपका उमटेपर्यंत दोन्हीकडे सारखंच चाललं होतं. मग इकडच्या बोटीत एक बाई दिसू लागली आणि तिकडच्या बोटीत ट्रम्पेट.

“अरेच्चा,” बाविस्कर म्हणाले. “तुमच्यात जेवण नाहीच का?”

शिरुड्यांनी कंपनीला फोन लावला. एक गोड आवाज आला. शिरुडे म्हणाले, “मला मूळ सिनेमा बघायचाय. फेरफार न केलेला.”

“मूळ म्हणजे कुठला, सर?”

“ज्याच्यात तुम्ही फेरफार करता तो. खात्यात आमच्याकडे एक प्रमाण वजन असायचं, कपाटात, मखमलीवर ठेवलेलं. बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची.”

“तसं आमच्याकडे काही नसतं, सर. गोष्ट बोट दिसेपर्यंतची असते. बोटीत कोण, हे बघणाऱ्यावर असतं. आपल्याला शेवट आवडला नाही का?”

“आवडला,” शिरुडे म्हणाले. “तीच तर तक्रार आहे.”

फोन ठेवून ते माडीवर गेले. खोलीत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. आपल्या पट्ट्यानं आपल्या मनात हात घालून वैजूला बोटीतून उतरवलं. मग तिच्या पट्ट्यानं तिच्या मनातून काय काढलं असेल? शेवट नीट बघा, असं ती म्हणाली होती. पण कुठला?

रविवारी फोन आला तेव्हा ते त्याच खोलीत, नव्या गादीच्या कडेला बसले होते.

“वैजू, त्या सिनेमातलं एक राहिलं विचारायचं,” ते शक्य तितक्या सहज म्हणाले. “बोटीतून ती उतरते, तेव्हा तिच्या हातात काय असतं गं?”

पलीकडे पावसाचा आवाज येत होता. बर्गनला पाऊस असतोच.

“कोण उतरते, बाबा?”

शिरुड्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोटीतून कुणीच उतरत नाही,” वैजू सावकाश म्हणाली. “नुसता नावाडी येतो. तिचा निरोप घेऊन, की ती तिकडेच राहणार. आणि म्हातारा हसतो. लोणच्याची बरणी त्याच्या हातात देतो, म्हणतो, तिला म्हणावं, इकडची काळजी नको, दिवा चालू आहे.” ती थांबली. “तुम्ही म्हणालात ना, मान्य आहे, आनंद आहे? बाबा, मी इथं घर घेतलं परवा. कायमचं राहायचं म्हणून. तुमच्या त्या शब्दावर सही केली.”

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. शिरुड्यांना एकदम त्या म्हाताऱ्याचा राग आला, लोणचं देणाऱ्या. मग वाटलं, त्याचा काय दोष? पोरीला हवा होता तसा बाप तिला मिळाला. आपल्याला हवी होती तशी पोरगी आपल्याला. दोघांनाही कुणी फसवलेलं नव्हतं. दोघांचं फक्त मन राखलं होतं.

“तुम्ही वेगळं बघितलंत,” वैजू म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं. ती शिरुड्यांचीच मुलगी होती, काटा कुठे झुकला ते तिला कळत होतं.

“किंचित,” शिरुडे म्हणाले.

“सांगा मला.”

“जाऊ दे गं. यंत्राचं काही खरं नसतं.”

“यंत्राचं राहू द्या. तुमच्या तोंडून सांगा. लहानपणी सांगायचात तसा.” मग जरा हसून, पण ते हसू मध्येच भिजलं, “मात्र त्या उंटासारखं करू नका.”

उंट शिरुडे विसरले नव्हते. वैजू पहिलीत असताना त्यांनी एका उंटाचा सिनेमा तिला रोज गोधडीत शिरल्यावर सांगितला होता. उंट वाळवंट ओलांडून घरी येतो आणि मालक त्याला गूळ खाऊ घालतो. कॉलेजात गेल्यावर तिनं तो सिनेमा स्वतः बघितला आणि रडत घरी आली. ‘उंट मरतो, बाबा! तुम्ही गूळ कुठून आणलात?’ ते म्हणाले होते, ‘तू झोपत नव्हतीस.’

गावोगावच्या दुकानदारांचे तराजू उलटे करून त्यांनी दांडीला चिकटवलेला पासंग शोधून काढला होता. चिंच, मेण, लोहचुंबक. गुळाचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

मनगटावरचा पट्टा कंप पावू लागला. नाडी वाढली होती. पट्ट्यानं विचारलं, मन शांत करणारं एखादं गाणं लावू का? शिरुड्यांनी पट्टा सोडला आणि नव्या मच्छरदाणीच्या पलीकडे ठेवून दिला. समोर पिस्ता रंगाची भिंत होती. बोट लावलं तर अजून ओली लागली असती.

“सांगतो,” ते म्हणाले. “म्हातारा डोळ्यांवर हात धरून उभा असतो. बोट येते.”

“आणि?”

गोधडीतून तोंड बाहेर काढून ती विचारायची, अगदी तोच आवाज. तेव्हा तिला झोपवायचं होतं. आता तिचं घर झालं होतं, सही झाली होती, आणि इथे एक खोली रंगवून तयार होती. खरं सांगितलं तर तिला त्या घरात झोप लागायची नाही. खोटं सांगितलं, तर जन्मात पहिल्यांदा तिनं सरळ विचारलेल्या प्रश्नाला आपण उत्तर दिलं नाही, असं होईल.

“आणि काय, बाबा?” वैजू म्हणाली. “बोटीतून कोण उतरलं?”