एलादिओला हाक मारली नाही

पटत नसेल तर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या मावशीने, आवेलिनाने, मला हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सांगून झाल्यावर ती उठली आणि तिने साबणाने हात धुतले.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. गुरुवार. मावशीच्या सेदेइरा गावापासून कापेलादा डोंगरावरून संत आंद्रेसच्या देवळापर्यंत, एका दिवसाची यात्रा.

आमच्या गालिसियात, स्पेनच्या या कोपऱ्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जो जिवंतपणी त्या देवळात गेला नाही, त्याला मेल्यावर जावं लागतं. सरपटत. पाल, साप नाहीतर बेडूक होऊन. म्हणून त्या वाटेवर कोणी मुंगीसुद्धा मारत नाही.

घरातलं असं कोणी राहिलं असेल, तर यात्रेच्या आदल्या दिवशी कबरीपाशी जायचं. नावाने हाक मारायची. चल म्हणायचं. मग तो माणसासारखा आपल्याबरोबर चालतो. त्याच्याशी बोलायचं, त्याच्यासाठी घास काढायचा आणि त्याला देवाच्या दारात पोचवायचं.

मावशीचा नवरा एलादिओ राहिला होता.

शेवटची चार वर्षं तो पलंगाला खिळून होता. विझलेली चिरूट चघळायचा. खाकरायचा, आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या तस्तात थुंकायचा. निम्मं चादरीवर. मावशीने चार वर्षं ते सगळं काढलं. तोंडातून ब्र काढला नाही, पण त्याची किळस तिच्या अंगात मुरली होती.

"तो गेला तेव्हा मी रडले," ती मला म्हणाली. "पण आधी तस्त उकिरड्यावर फेकलं. मग रडले."

त्याला एकदाचं पोचवलं की सुटले, एवढंच तिला हवं होतं.

बुधवारी ती नणंदेबरोबर, बाल्बिनाबरोबर, कबरीपाशी गेली. बाल्बिनाला कमी ऐकू येतं.

"हाक तू मार," बाल्बिना म्हणाली. "बायको तू आहेस. माझा त्यात काय अधिकार?"

मावशीने तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं...

आणि त्याच्याबरोबर तो वास आला.

तिने नुसते ओठ हलवले.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर दाट धुकं होतं. दोघी मध्ये एका माणसाची जागा सोडून चालत होत्या. बाल्बिना त्या मोकळ्या जागेशी गप्पा मारत होती.

"दम खा रे एलादिओ, चढ आहे. बघ गं, जिवंतपणी बाजारापर्यंत यायला रडायचा, आता कसा मुकाट चालतोय."

तिथे कोणी नव्हतं, हे मावशीला एकटीला माहीत होतं.

वर रानटी घोडे चरत असतात. त्यांच्या टापा इतका वेळ ऐकू येत होत्या.

टापा थांबल्या.

मग मागून, अगदी खालून, जमिनीलगत... कोणीतरी खाकरलं.

मावशीने वळून पाहिलं नाही. तो आवाज तिने चार वर्षं ऐकला होता.

वाटेत दगडांची रास आहे. प्रत्येक यात्रेकरू घरून आणलेला एक दगड तिथे ठेवतो. दोघी तिथे जेवायला बसल्या. बाल्बिनाने रुमालावर पावाचे तीन तुकडे मांडले, चीज ठेवलं, आणि लघवीला झुडपांमागे गेली.

मावशीने न बघता आपल्या पावाला हात घातला.

बोटं कशात तरी रुतली. थंड. बुळबुळीत.

एलादिओच्या तुकड्यावर बेडूक बसला होता. मुठीएवढा, फोडाफोडांचा. त्याची लाळ तिन्ही तुकड्यांवर पसरली होती. तोंडाच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ आला होता.

तो सरकत तिच्या मांडीवर चढला. गळा फुगवला...

आणि खाकरला.

वाटेवर काही मारायचं नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण तिच्या दुसऱ्या हातात राशीवर ठेवायचा दगड होता.

तिने त्याला झटकून खाली पाडलं आणि दगड घातला. एकदा. मग पुन्हा.

आतून जे बाहेर आलं ते रक्त नव्हतं. काळपट, चघळलेल्या पानांचा लगदा होता. वास चिरुटीचा.

तिने गवताला हात पुसले आणि ओली बाजू खाली करून दगड राशीवर ठेवला.

देवळात बाल्बिनाने मेणबत्ती लावली. बाहेर खानावळीत तीन ताटल्यांत सूप घेतलं. "सुटला बिचारा," ती म्हणाली. "जेव आता."

मावशीला घास उतरेना. तिने सगळं सांगून टाकलं. मोठ्याने सांगावं लागलं. शेजारची माणसं बघायला लागली.

बाल्बिनाने चमचा खाली ठेवला.

"तू हाकच मारली नाहीस?"

"नाही."

"म्हणून तो बिचारा सरपटत निघाला. आणि तू त्याला वाटेतच चिरडलंस?"

"आता काय होईल?"

"आता त्याला पुन्हा पहिल्यापासून निघायचं."

"कबरीतून?"

"कबरीतून हाक मारलेला निघतो. न बोलावलेला, माणूस म्हणून जिथे जीव सोडला तिथून निघतो."

मावशी पाच वाजता घरी पोचली. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. तिने सकाळी स्वतः आवरलेला पलंग पाहिला.

एलादिओच्या बाजूला ओला डाग होता. तळहाताएवढा. कडा तपकिरी.

पलंगाखाली पत्र्यावर काहीतरी घासलं... पण तस्त तर उकिरड्यावर होतं.

ती वाकली नाही. बाहेर येऊन खोलीच्या दाराला कडी घातली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपते, आणि रोज सकाळी त्या दाराखालून आलेलं पुसते.

बाल्बिना म्हणते, उपाय साधा आहे. दार उघड, त्याला नावाने हाक मार, मी पुन्हा येते तुझ्याबरोबर.

या ऑक्टोबरला मी मावशीच्या शेजारी उभी होते. तिने चालायचे बूट घातले होते. आत कोणीतरी सारखं खाकरत होतं. ते मीही ऐकलं.

तिने कडीला हात लावला. तोंड उघडलं.

आतला आवाज थांबला... कोणी कान देऊन बसावं तसा.

मावशी बेसिनकडे पळाली आणि ओकली.

मी दाराशी एकटी राहिले. त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण हाक बायकोनेच मारायची असते.